धावेचा ठसा

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जो लोखंडी पट्टा असतो त्याला धाव म्हणतात. लोहार ती तापवतो, तापून फुगलेली धाव चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसतं आणि आऱ्यांसकट सगळं चाक आवळून धरतं. पुढे गाड्यांना रबरी टायर आले, जुन्या चाकांचं लाकूड चुलीत गेलं, धावा तेवढ्या उरल्या. जळगावच्या मेहरूण भागातल्या मळ्यांच्या बांधावर आणि शहरातल्या भंगार दुकानांत त्या अजून मिळतात. माझं निम्मं काम त्यांच्यावरच चालतं.

मी त्या घासत नाही. गंज काढून, पॉलिश मारून दिवाणखान्यात उभी केलेली धाव मला बघवत नाही. तिच्या अंगावर जे लिहिलेलं होतं तेच पुसून टाकलेलं असतं. गंज सगळीकडे सारखा चढत नाही. माती चिकटून राहिली तिथे तो खोल जातो, दगडावर घासून गुळगुळीत झालेल्या जागी पातळ राहतो. हा फरक डोळ्यांना नीट दिसत नाही, कापडाला दिसतो.

त्यासाठी मांजरपाट आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. मग व्हिनेगरने ओला करून धावेभोवती घट्ट गुंडाळायचा, सुतळीने आवळायचा. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो. छिपे गूळ आणि लोखंडाच्या तुकड्यांपासून काळी शाई करत आले, तीही याच मेळावर. नुसत्या कोऱ्या कापडावर मात्र विटकरी तांबडा उतरतो. आमच्याकडे अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कापड रंग धरायच्या आत सुकतं. म्हणून वरून ओलं गोणपाट घालायचं आणि गाठोडं रात्रीच बांधायचं. सकाळी सोडून सोड्याच्या पाण्यात धुवायचं. हावरेपणाने जास्त दिवस ठेवलं तर गंज सूतच खातो, कापडाला भोकं पडतात.

लाकडाचेही ठसे मी घेतो, त्यांचं गणित वेगळं. ताज्या रंधलेल्या फळीचा ठसा सपाट, मुका येतो. तीच फळी वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिली की वाढीच्या वलयातला मऊ भाग झिजतो, कठीण भाग वर उभा राहतो. कोरणीचं काम हवेने करून ठेवलेलं असतं. मऊ ब्रशने धूळ झाडायची, रबरी रोलरने शाई अगदी पातळ लावायची, वर पातळ हातकागद ठेवून चमच्याच्या पाठीने घोटत राहायचं. सुकं लाकूड शाई पितं, त्यामुळे सुरुवातीचे ठसे फिके येतात. मला तेच जास्त आवडतात. त्यांत खिळ्याची जागा, कडीने घासून पडलेली कोर, वाळवीची वाट असं सगळं असतं, पण ओरडत नाही.

चाकाचा ठसा याआधीही घेतला गेला आहे. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशनबर्गने १९५३ मध्ये कागद जोडून लांब पट्टी केली आणि तिच्यावरून मोटारीचं काळा रंग लावलेलं चाक चालवून घेतलं. गाडी संगीतकार जॉन केज चालवत होता. हाच राउशनबर्ग १९७५ मध्ये अहमदाबादला आला आणि गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात कारागिरांबरोबर बसून त्याने काम केलं. पण मला जवळचे वाटतात ते चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात ते दशकानुदशकं जवळजवळ कोंडून घेतल्यासारखे राहिले आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश सोडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. १९८९ मध्ये ते गेले. मांडणशिल्प हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी खान्देशात एक माणूस मांडण्याचंच काम करत होता. मांडणी म्हणजे वस्तू रचणं नव्हे, प्रकाश कुठून येतो ते आधी ठरवणं, हे मी त्यांच्या छायाचित्रांवरून शिकलो. माझ्या मांडणीत धावा छताला टांगलेल्या असतात, मागे त्यांचेच कापडी ठसे, आणि उजेड एकाच खिडकीतून.

मेहरूण तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं तेव्हा काठाला पुष्कळ काही उघडं पडतं. विसर्जनातल्या मूर्तींचे सांगाडे, तारा, बांबू दिसले तरी मी ते कामाला घेत नाही. कोणीतरी त्या मूर्तींना हात जोडून निरोप दिलेला आहे. ठिबकच्या नळ्याही उचलून पाहिल्या. त्यांत काजळी मिसळलेली असते, म्हणून त्या उन्हाला दाद देत नाहीत. शेताला तेच हवं, पण ठशात त्यांची वर्षं उमटत नाहीत.

ज्यांच्या गोठ्यात, परसात वखराची पास, कोळपं, विळा, धाव पडून आहे त्यांना एक विनंती. भंगारात घालायला माझी ना नाही, घराला पैसा लागतो. पण देण्याआधी एक रात्र ते हिरड्याच्या मांजरपाटात गुंडाळून ठेवा, आणि कापडाच्या कोपऱ्यावर ते कोणाच्या हातचं, कोणत्या शेतातलं, एवढं तरी लिहून ठेवा.