ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो?

पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा. बातमी नाही, माझी चूक सांगतोय.

माझी ताई दौंडला असते. मागच्या वर्षी एकदम डोकं फुटेल असं दुखलं आणि ती कोसळली. मेंदूतल्या रक्तवाहिनीवर फुगा आला होता, तो फुटला. पुण्यात कवटी उघडून त्याला क्लिप लावली. पंधराव्या दिवशी ताई घरी आली, आम्ही पेढे वाटले.

चौथ्या रात्री साडेअकराला दाजींचा फोन. "डोकं लई दुखतंय म्हणते, दोनदा उलटी झाली. पित्त असंल का?"

मी शिरूरला, बातम्या पाठवून नुकताच आडवा झालेलो. म्हणालो, "अशक्तपणा असेल दाजी. सकाळी बघू."

वीस वर्षं नगर रोडचे अपघात लिहितोय. 'वेळेत उपचार मिळाले असते तर' हे कितीदा लिहिलं असेल. त्या रात्री मीच झोपलो.

पहाटे चारला ताई बोलेना. १०८ बोलावली. पाटस, यवत, लोणी काळभोर, हडपसर... रस्ता संपता संपेना. ऑपरेशनच्या जागी पुन्हा रक्त साचलं होतं. कवटी परत उघडावी लागली. ताई वाचली, पण डाव्या हातात अजून चहाचा कप धरता येत नाही.

फुग्याचा बंदोबस्त झाला तरी धोका लगेच संपत नाही. पुन्हा रक्त साचू शकतं, मेंदूत पाणी साचू शकतं, रक्तवाहिन्या आकसू शकतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली एमिलिया क्लार्क हिच्यावर २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये उपचार चालू असतानाच मोठा रक्तस्राव झाला, कवटी उघडावी लागली. ती निदान हॉस्पिटलमध्ये होती. आपलं माणूस पुण्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असतं.

म्हणून घरी आणलेल्या पेशंटची डोकेदुखी वाढली, उलटी, गुंगी, फिट आली, जीभ अडखळली, हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी तर अजिबात देऊ नका.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, चांगलंच आहे. पण आणखी दोन गोष्टी हव्यात. डिस्चार्ज कार्डावर ही लक्षणं ठळक मराठीत छापा. आणि रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे होतो, याचा फलक शिरूर आणि दौंडच्या सरकारी दवाखान्याच्या दारात लावा.

तोवर ज्यांना खात्रीशीर माहिती आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा. फोन करून तपासतो आणि यादी इथेच टाकतो.