तान्ह्या बाळाचा व्यवसाय

वकिली शब्दांवर चालते. कायद्यात एखादा शब्द भेटला की त्याची व्याप्ती किती, हे तपासल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसंबंधी २०२१ साली संसदेने जो अधिनियम केला, त्यात व्यवसायोपचारतज्ज्ञांनाही स्थान आहे. हे तज्ज्ञ अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या अतिदक्षता कक्षातही काम करतात. मग प्रश्न पडतो, ज्याने अजून डोळे नीट उघडले नाहीत, त्याचा व्यवसाय तो कोणता?

दूध ओढणे, स्वस्थ झोपणे, मूठ तोंडाशी नेणे, आईचा स्पर्श ओळखणे, हाच तो व्यवसाय. पूर्ण दिवसांचे मूल याची तयारी उदरातच करून येते. सातव्या महिन्यात आलेल्यास ती बाहेर करावी लागते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर बहुधा नळीनेच दूध द्यावे लागते. हा मेळ केव्हा बसतो ते पाहणे, बाळास कसे धरावे व केव्हा थांबावे हे आईस शिकविणे, ढिले पडणारे हातपाय कापडाच्या घरट्यात अंगाशी जुळवून ठेवणे, ही या तज्ज्ञाची कामे होत.

आपल्या पूर्वजांनी देवाच्या खोलीस गर्भगृह म्हटले. तेथे प्रकाश मंद आणि गलबला बाहेर. काचेच्या पेटीभोवती मात्र प्रखर दिवे आणि यंत्रांच्या घंटा. त्या यंत्रांवाचून प्राण वाचत नाहीत, हे खरेच. परंतु दिवा झाकणे, आवाज उतरविणे, झोप मोडू न देणे, एवढ्याने त्या गलबल्यातही थोडे गर्भगृह उभे राहते.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची शाळा काढली.

आमच्या बुऱ्हाणपुरास तर हा विषय अगदी जवळचा. १६३१ साली येथेच चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. तिचे स्मारक आग्र्यास उभे राहिले आणि जग ते पाहावयास जाते. त्या वेळी जन्मलेली कन्या गौहर आरा जगली, १७०६ पर्यंत जगली. तिचे नाव कितीकांस ठाऊक आहे? मृत्यूची आठवण आपण संगमरवरात कोरतो आणि जगलेल्या लेकरास विसरतो.

आजही तसेच घडू शकते. बाळ वाचले, घरी गेले की सर्वांस वाटते, दावा निकाली निघाला. वस्तुतः तेथून पुढची तारीख लागते. मान धरते का, दोन्ही हात सारखे चालतात का, नजर फिरते का, हे महिनोन्‌महिने पाहावे लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठीच जिल्हा पातळीवरील केंद्रांची योजना आहे. पण खकनारच्या पाड्यावरील माउलीची रोजी बुडते, गाडीभाड्यास पैसे नसतात. मग तारीख चुकते, आणि ज्या दोषावर वेळीच उपाय झाला असता तो जन्माचा सोबती होतो.

देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची एवढीच विनंती: पाळण्याच्या उत्सवातील थोडा निधी अशा मातांच्या गाडीभाड्यासाठी राखून ठेवावा. बाळकृष्णाचा पाळणा हालविणाऱ्या हातांस हे ओझे जड नाही.