वजनाची वही

अम्मीला तिच्या वजनाबद्दल कोणी काही बोललं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "खाते-पीते घर के हैं, अल्लाह का शुक्र है." गरिबीतून वर आलेल्या बाईला अंगावरचं मांस सुखाची खूण वाटणारच. शुगर निघाली तेव्हा ती ४८ वर्षांची होती. आधी पायाचा अंगठा काढावा लागला, मग अर्धं पाऊल. ६३व्या वर्षी ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी मी माझी तपासणी करून घेतली. वय ४४, उंची पाच फूट एक इंच, वजन ८१ किलो, एचबीए१सी ६.३. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, डायबिटीस अजून झालेला नाही, पण तुम्ही उंबऱ्यावर आहात."

मला काय खावं हे ठाऊक नव्हतं असं नाही. पोट पूर्ण भरू नये ही हदीस मला लहानपणापासून पाठ आहे. उर्दू शाळेत मी मराठी शिकवते आणि आरोग्याचा धडा दरवर्षी मुलांना समजावून सांगते. शिवाय २०१८-१९ची ती वर्षं आठवा. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगत होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये तर निवडणुकीसारखे दोन पक्ष पडले होते. मी दोन्ही पक्षांना आळीपाळीने मत दिलं आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पुन्हा बिर्याणीच्या ताटावर आले.

एकट्या बाईने घरात वजन कमी करायला घेणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. सगळ्यांसाठी तेलाची तर्री असलेलं सालन करायचं आणि स्वतः काकडी खायची. नणंद दोन महिन्यांनी येते, तिने केलेला खिमा नाकारला तर ती मनाला लावून घेते. दावतीत "थोडं घ्या ना" म्हणणाऱ्या प्रत्येकीला कारण सांगत बसायचं. मी अपराध्यासारखी वागायला लागले होते. मग एक दिवस कंटाळून म्हणायचे, जाऊ दे, मरण काय कोणाला चुकलंय.

आमच्या मोहल्ल्यात बायकांचा एक बचत गट आहे. अकरा जणी, त्यात सात मुस्लिम, चार शेजारच्या गल्लीतल्या. एकदा बँकेच्या पायऱ्या चढताना आमच्या खाला मध्येच बसल्या. त्यांना उठवायला गेलेली मी आणि सचिव असलेल्या ताई, आम्हा दोघींनाही धाप लागलेली. ताईंच्या नवऱ्याची बायपास झालेली होती. त्या म्हणाल्या, "पैसा जमा करून राहिलो आपण, पण तो खाले कोण उरते वं?" त्याच आठवड्यात आम्ही सहा जणी चालायला निघालो.

दारव्ह्यात चालायचं कुठे? मोतीबाग स्टेशनच्या बाजूने शकुंतलेच्या रुळांकडेने. यवतमाळ-मूर्तिजापूर ही इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली नॅरोगेज. गाडी बंद पडली आणि रुळांमध्ये गवत वाढलं. तिथे पहाटे सहा बायका, त्यातल्या चार बुरख्यात, एकीच्या पायात मुलाचे दोन नंबर मोठे बूट. पहिले आठ दिवस लोक थांबून बघायचे. यातली एकही एकटी असती तर दुसऱ्या दिवशी आली नसती, मी तर नक्कीच नाही. सहा जणींना कोण काय विचारणार?

उठवण्यासाठी आम्ही साखळी केली. फज्रची नमाज झाली की मी खालांना मिस्ड कॉल द्यायचा, खालांनी भाभीला, भाभीने ताईंना. साखळी तुटली की ज्या घरी तुटली तिथे दोघी जाऊन दार वाजवायच्या. नमाजची वेळ वर्षभर सरकत राहते, तसं आमचं चालणंही सरकतं. ताईंच्या सासूबाई आता अजान ऐकली की म्हणतात, "ऊठ वं, तुहे बूट बाहीर हायेत." दुसऱ्या दिवशी कोणीतरी "कल किधर थी?" विचारणार आहे, एवढ्यावरच मी कितीतरी दिवस उठले. कुठल्याही व्याख्यानाने हे काम केलं नव्हतं.

पण आमच्याकडून चूकही झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

गटाच्या पैशातून आम्ही वजनकाटा घेतला आणि बचतीच्या वहीसारखीच एक वही केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन करायचं आणि हप्ता वाचतात तसा आकडा मोठ्याने वाचायचा. कमी झालं की टाळ्या. पहिले दोन महिने मजा आली. तिसऱ्या महिन्यात कळलं की गटातली सगळ्यात लहान मुलगी, जिचं लग्न ठरलेलं होतं, ती वजनाच्या आधी तीन दिवस काळ्या चहावर राहते. त्याच सुमारास खाला एका सकाळी रुळाजवळ थरथरत खाली बसल्या. घामाने ओल्या, जीभ जड, मला ओळखेनात. शुगर एकदम उतरली होती. चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी भानावर आल्या. त्यांनी कोणाला न सांगता दोनच वेळा जेवायला सुरुवात केली होती आणि शुगरच्या गोळ्या मात्र पूर्वीच्याच प्रमाणात चालू होत्या. आधी तपासण्या करा, डॉक्टरांना विचारा, असं दीक्षित स्वतः सांगतात. खालांच्या कानावर अर्धंच पडलं होतं, आणि बाकीचं विचारायला हवं होतं ते आम्ही विचारलं नाही. डॉक्टर रागावले, जेवण कमी केलं तर गोळीचा डोस त्यांना विचारून बदलावा लागतो हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी खालांना विचारलं, "क्यों किया ऐसा?" त्या बाहेर बघत म्हणाल्या, "हर महीने मेरा ही हफ्ता बाकी रहता था, बेटी."

बचत गटात हप्ता थकला तर बाईची मान खाली जाते, हे मला माहीत होतं. आम्ही तीच लाज उचलून शरीराला लावली होती. अम्मीलाही शेवटच्या वर्षांत दवाखान्यात वजनकाट्यावर उभं केलं की ती डोळे मिटून घ्यायची. मला तेव्हा हसू यायचं.

त्यानंतर वही बदलली. वजन ज्याचं त्याने आपल्या पानावर लिहायचं, कोणी वाचायचं नाही. मोठ्याने वाचायचं ते फक्त किती दिवस चाललो. शिलाई करणाऱ्या भाभीची टेप कमरेसाठी आली. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाभी म्हणाली, म्हणजे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना धोका आहे! ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलायच्या नाहीत, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

मग मला वाचायचा नाद लागला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जीन निडेच या गृहिणीने १९६१ साली मैत्रिणींना घरी बोलावलं, कारण चोरून बिस्किटं खाण्याची आपली खोड तिला कोणाजवळ तरी बोलायची होती. त्यातून १९६३ साली वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास छापून आला. नुसती पुस्तिका आणि थोडा सल्ला मिळालेल्यांचं वजन वर्षाअखेर सरासरी सव्वातीन किलो उतरलं, १२ आठवडे अशा गटात जाणाऱ्यांचं पावणेपाच किलो आणि वर्षभर जाणाऱ्यांचं पावणेसात किलो. आपल्या चेन्नईतही माझ्यासारख्या उंबऱ्यावरच्या लोकांचे वर्ग घेऊन, गरज पडली तिथे गोळी देऊन, तीन वर्षं पाहिलं. मधुमेह होण्याचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी झालं. आकडे वाचून बरं वाटलं. पण गटाचा खरा उपयोग मला रमजानमध्ये कळला.

रोजे ठेवून वजन वाढतं, हे बिगरमुस्लिम मैत्रिणींना खरं वाटत नाही. पहिल्या वर्षी माझं दीड किलो वाढलं. भजी, समोसे, सरबत, आणि भूक लागेल या भीतीने सेहरीला डबल पराठे. मी माझ्या घरी तळण बंद करून उपयोग नव्हता, कारण इफ्तारच्या आधी मोहल्ल्यात ताटं फिरतात. माझ्याकडून भाभीकडे, भाभीकडून खालांकडे, खालांकडून माझ्याकडे. आलेलं ताट परत कसं करायचं? पुढच्या वर्षी शाबान महिन्यातच आम्ही सात जणींनी बसून ठरवलं की ताटात खजूर, फळं, चन्याची चाट आणि भिजवलेली मूगडाळ जाईल, तळण फक्त जुम्म्याला. सात घरांनी बदललं की ताटं बदलली. पोरांनी दोन दिवस कुरकुर केली. एका घरातून मात्र अजूनही रोज समोसेच येतात, आणि ते फार चांगले असतात हेही सांगायला हवं.

माझं वजन आता ७२ किलो आहे. गेले सात महिने तिथेच अडकलंय. एचबीए१सी ५.८ आली. खालांचं जेमतेम दोन किलो कमी झालं, पण वहीत चालण्याचे दिवस सर्वांत जास्त त्यांचेच, आणि ते वाचताना त्या कान देऊन ऐकतात. अकरांपैकी दोघी सुटल्या. एकीचे गुडघे गेले, दुसरीच्या घरच्यांना रुळाकडे जाणं पसंत नाही. तिच्या गच्चीवर संध्याकाळी आमच्यातल्या कोणीतरी दोघी जातात.

ती लहान मुलगी लग्न होऊन वणीला गेली. तिथे तिला अजून सोबत मिळालेली नाही, म्हणून ती अंगणातच फेऱ्या मारते. साखळीत तिचं नाव मात्र आम्ही ठेवलंय, सगळ्यात शेवटी. ताई तिला मिस्ड कॉल देतात आणि ती मला. पहाटे वणीहून एक रिंग वाजते. मी फोन कट करते, म्हणजे तिला कळतं की इकडे सगळ्या उठल्या.