संगं आलाय



गेल्या हंगामातली गोष्ट. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला होता आणि मुले एका मोबाइलभोवती घोळका करून बसली होती. परदेशातले एक कुटुंब मोटारीच्या मागे घरासारखी गाडी जोडून गावोगाव फिरत होते. गाडीत पलंग, शेगडी, दोन कुत्री आणि खिडकीत बसलेले मांजर. "आपल्याकडं असं कुणी फिरत नाही," एक मुलगा म्हणाला.

तेवढ्यात फाटकासमोरून ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या. वर पत्र्याच्या पेट्या, हंडे, बांबू, ताडपत्र्या, एक शेळी, कोंबड्यांचे डालगे, बायका, लेकरे, आणि सगळ्यांत उंच, अंथरुणाच्या वळकटीवर बसलेला एक तांबडा कुत्रा. मुलांनी मान वर केली नाही. त्यांना काय बोलावे? आम्ही तरी कुठे कधी नीट पाहिले होते!

दिवाळी सरली की आपल्या निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी भागात अशा ट्रॉल्या येऊ लागतात. हालसिद्धनाथ, हिरण्यकेशी, दूधगंगा-कृष्णा अशा कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि ऊस तोडायला बीडकडची, विजयपूरकडची माणसे घरदार पाठीवर घेऊन येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर टनावर ऊस तोडून ती फेडायची. म्हातारी माणसे, लेकरे, शेळी, कुत्रा यांपैकी कुणीच त्या कोयत्याच्या हिशेबात येत नाही.

हंगामाची सुरुवात कशी होते हे आपल्याला माहीत आहे. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतात. आपला आगमनकाळही गव्हाणीकडेच नेणारा. शब्द तोच आहे, पण इतकी वर्षे धर्मशिक्षण देऊनही हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

२०२४ च्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काही स्वयंसेवक जवळच्या एका टोळीला घोंगड्या द्यायला गेलो. ओसाड रानात पंधरा-वीस कोप्या होत्या. बांबूच्या कमानी, वर पाचट आणि ताडपत्री, आत वाकूनच शिरायचे. आम्ही यादी करून नेली होती: एका कोयत्याला दोन घोंगड्या. तोडकरी पहाटेच फडावर गेले होते. कोप्यांवर एक आजी, पाच-सहा लेकरे, तो वळकटीवरचा तांबडा कुत्रा आणि एक मांजर एवढीच मंडळी होती. मांजर डालग्याखाली झाकलेले होते.

मांजराला कोंडले का, असे आम्ही विचारले. आजी म्हणाल्या, "मांजर जागंला लागतं, कुत्रं माणसाला. नव्या जागी मोकळं सोडलं तर मांजर जुनी जागा हुडकत जातं. दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं, हितंच खायला घालायचं. मग ही जागा त्याची होती." मांजर नसले तर पिठाच्या गठुड्याला उंदीर लागतात आणि उंदरामागून साप येतो, हेही त्यांनी सांगितले.

कुत्र्याला ट्रॉलीवरून कसे आणता, यालाही त्यांचे उत्तर तयार होते. गळ्यात दावे बांधून वर चढवायचे नाही. त्याने उडी मारली तर फास बसतो. दावे छातीभोवती घ्यायचे आणि दुसरे टोक माणसाच्या हातात ठेवायचे. ट्रॉलीला बांधायचे नाही. निघण्याआधी पोटभर खायला द्यायचे नाही. वाटेत ट्रॅक्टर थांबला की आधी त्याला खाली उतरवायचे, मग लेकरांना. आम्ही पदवीपर्यंत शिकलेली माणसे, पण घरच्या कुत्र्याला आम्ही कधी एवढ्या विचाराने कुठे नेले नव्हते. कुठे जायचे झाले की शेजारी बांधून जात होतो.

दुसऱ्या आठवड्यात टोळीला संकेश्वरच्या बाजूच्या दुसऱ्या गावी हलायचे होते. फडाचे काम उरकून निघेपर्यंत रात्र होणार होती आणि थंडी कडाक्याची होती. आजींना खोकला झाला होता. आम्ही आपणहून म्हणालो, "आजी आणि लहान लेकरांना आमच्या व्हॅनमधून पोहोचवतो." टोळीतल्या सर्वांनी हात जोडले. आम्हालाही बरे वाटले.

रात्री व्हॅन घेऊन गेलो. आजी आल्या त्या काखेत मांजराचे डालगे आणि हातात कुत्र्याचे दावे घेऊन. आम्ही म्हणालो, "मांजर येऊ द्या. कुत्रा नको." व्हॅनमधून सकाळी शाळेची मुले जातात, बैठकीला वास लागेल, केस लागतील. कारणे खरी होती. "तो ट्रॉलीवर जाईल की," आम्ही म्हटले.

"त्याला धरायला वर कुणी नाय, दादा. समदी दमल्यात, झोपत्याल. उडी मारंल."

"मग राहू द्या आजची रात्र. उद्या कुणीतरी येऊन नेईल."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी लेकरांना व्हॅनमध्ये बसवले आणि स्वतः ट्रॉलीकडे वळल्या. लेकरे रडू लागली आणि उतरून त्यांच्यामागे धावली. आमचा आवाज थोडा चढला. "आजी, खोकला झालाय तुम्हाला. असं काय केलंय त्या कुत्र्यानं?"

आम्हाला वाटले, आता एखादी गोष्ट सांगतील. साप आला आणि हा भुंकला, किंवा चोर आला आणि याने धरला. रात्रभर तो कोप्यांची राखण करतो हे आम्ही पाहिलेच होते. तेवढे जरी त्या म्हणाल्या असत्या तरी पटले असते.

"काय केलंय? काय नाय केलं," आजी म्हणाल्या. "संगं आलाय."

आणि त्या ट्रॉलीवर चढल्या. लेकरे चढली. कुत्र्याला खालून कुणीतरी उचलून दिले. मांजराचे डालगे आजींनी मांडीवर घेतले. ट्रॅक्टर महामार्गाकडे गेला आणि आम्ही रिकामी व्हॅन घेऊन घरी आलो.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आम्ही टोबीतचे पुस्तक काढले. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हे पुस्तक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. निनवेत राहणारा टोबीत आंधळा झाला आहे. मेदिया देशात एकाकडे ठेवलेली दहा तालांत चांदी आणायला तो आपल्या मुलाला, टोबियाला, पाठवतो. वाटेच्या सोबतीला एक तरुण मिळतो. तो खरे तर देवदूत राफाएल, पण हे कुणालाच माहीत नाही. दोघे निघतात आणि मुलाचा कुत्राही त्यांच्याबरोबर निघतो. पुढे तैग्रीस नदीतला मासा, साराचा विवाह, बापाला परत मिळालेली दृष्टी हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगतो. कुत्रा मात्र नेहमी वगळतो, कारण तो काहीच करत नाही. निघताना एकदा त्याचा उल्लेख येतो आणि अकराव्या अध्यायात ते परततात तेव्हा पुन्हा एकदा. तो भुंकत नाही, कुणाला वाचवत नाही. बरोबर जातो आणि बरोबर परत येतो.

पवित्र शास्त्रात कुत्र्याचे नाव बहुतेक ठिकाणी हिणवण्यासाठीच आले आहे. असे असताना या लेखकाने त्या मुक्या जिवाला देवदूताच्या वाटेवर जागा दिली. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर घर जवळ येताच तो पुढे धावतो आणि निरोप्यासारखा शेपटी हलवत पोहोचतो. लूकच्या शुभवर्तमानातला लाजरही आठवा. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या त्या भिकाऱ्याजवळ कोण आले? कुत्रेच आले.

पुढच्या वर्गात आम्ही कुत्र्यासकट गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारले, "आणि मांजर आहे का बायबलमध्ये?" आहे, पण एकदाच. बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे यिर्मयाच्या पत्रात, मूर्तींच्या अंगावर वटवाघळे आणि पाखरे बसतात तशी मांजरेही बसतात, असे म्हटले आहे. मुले हसली. पण ज्या घरात मांजराला जागा असते ते घर खरेच वसलेले असते, हे आम्हाला आजींच्या डालग्याने शिकवले होते.

एवढ्यावर हे संपले असते तर लिहायचे कारण नव्हते. पण त्याच आठवड्यात आमच्या हातात दुसरी एक यादी होती. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात खुले होते. दहा वर्षांनी येणारा हा योग. धर्मग्रामातून एक बस जाणार होती आणि नावे आम्हीच ठरवत होतो. त्या यादीतून आम्ही दोन वृद्ध बायकांची नावे कमी केली होती. एकीला रांगेत फार वेळ उभे राहवत नाही, दुसरीला नीट ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी एक माणूस गुंतून पडेल, असे आमचे म्हणणे होते. त्यांनी तक्रार केली नव्हती. "आमचं राहू दे, आमचा काय उपयोग," असे त्याच म्हणाल्या होत्या, आणि आम्ही ते किती सहज मान्य केले होते! पुढच्या दर्शनापर्यंत दहा वर्षे आहेत, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

आम्ही यादी बदलली. आजरा-आंबोलीच्या वाटेने बस गेली. रांगेत आम्हाला वेळ जास्त लागला, हे खरे. त्या दोघींनी काय केले? माळ जपली, खिडकीतून घाट पाहिला, परतताना एकमेकींच्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेल्या. संगं आल्या.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ बंधूने हे ऐकून विचारले, "माणसांना पांघरूण मिळेना आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१६ ते २४१८ मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. प्राणी देवाचे आहेत, त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले कर्तव्य आहे आणि विनाकारण त्यांना दुःख देणे माणसाला शोभत नाही. त्याचबरोबर माणसाच्या हालअपेष्टांवर आधी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले आहे की प्रत्येक जिवाला देवाजवळ स्वतःचे मोल आहे, केवळ तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणून नव्हे. आजींकडे उधळायला काहीच नव्हते. होती ती ट्रॉलीवरची जागा. तीच त्यांनी वाटून घेतली. ज्यांना कुणी हिशेबात धरले नाही, त्यांनी आपल्या हिशेबातून कुणाला गाळले नाही. योनाच्या पुस्तकाचा शेवटही असाच आहे. निनवेची दया का करू नये, हे सांगताना परमेश्वर एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे मोजतो आणि शेवटी तिथली पुष्कळ जनावरेही मोजतो.

१७ जानेवारीला, संत अंतोनी मठाधिपती यांच्या सणादिवशी, आम्ही एका पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन नव्या मुक्कामी गेलो. डॉक्टर कन्नड बोलणारे, आजी मराठी. मध्ये आम्ही सीमाभागातली दुभाषी माणसे. टोळीतल्या चारही कुत्र्यांना रेबीजची लस टोचली. दर वर्षी ती टोचून घ्यायची असते, हे समजावले. आज कुठल्या संताचा सण आहे, हे तिथे कुणाला सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती. आजींची मात्र आम्ही क्षमा मागितली. त्यांना ती रात्र नीट आठवतही नव्हती. "तुमच्या गाडीत शाळंची लेकरं बसत्यात, तुमचं बी खरंच हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. आम्ही महामार्गावर निरोप द्यायला उभे राहिलो. तीच ट्रॉली, त्याच पेट्या, डालग्यात मांजर, वळकटीवर तांबडा कुत्रा, छातीभोवती दावे आणि दाव्याचे टोक आजींच्या मुठीत. आजींनी हात हलवला. कुत्र्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. तो पुढचा रस्ता पाहत होता.

इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव, हे आम्ही दर नाताळात मुलांकडून पाठ करून घेतो. आमच्याकडून देवाला काय उपयोग होता, की तो गव्हाणीपर्यंत खाली आला? तरी तो आला आणि आमच्याबरोबर राहिला. यंदा आगमनकाळात आपापल्या घरातली यादी एकदा काढून पाहा. उपयोग नाही म्हणून कुणाचे नाव आपण खोडले आहे का?

हे प्रभू येशू, तू आमच्याकडून काही मिळेल म्हणून आला नाहीस, आमच्याबरोबर राहायला आलास. आमच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या ट्रॉल्यांवरच्या प्रत्येक जिवाला सुखरूप घरी पोहोचव. ज्यांना आम्ही मागे ठेवले त्यांना आठवण्याची बुद्धी आणि वेळ असताना परत बोलावण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.