घटाचे धन आणि वांग्याची रोपे

शिवाजी नगरातील सरकारी घरांना सावलीचे सुख उदंड आणि उन्हाचे बेताचेच. जून २०२४ मध्ये मंत्र्यांच्या व आमदारांच्या निवासस्थानांसाठी येथील आणि तुलसी नगरातील सुमारे २९ हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि शासनाने तो मागे घेतला. सावली राहिली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच सावलीमुळे आमच्या खिडकीत रोप धरत नाही, हेही तितकेच खरे.

एरवी याचे आम्हांस फारसे वाटले नसते. पण मातोश्रींनी जळगावाकडून आणलेले भरताच्या वांग्याचे बी एका पुरचुंडीत शिल्लक होते. त्या गेल्यावर ते पुन्हा आणणारे कोणी उरले नाही. वांग्याचे बी चार-पाच वर्षांनी निस्तेज होऊ लागते. म्हणजे यंदा पेरले नाही तर पुढे पेरण्यात अर्थ नव्हता. बाहेर पेरावे तर पावसाची झोड आणि वानरांचा उच्छाद! तेव्हा घरातच, दिव्याखाली रोपे करावयाची असे ठरविले.

सौभाग्यवतींना हे पटेना. "अहो, देवघरातले घट नाही का वाढत अंधारात? मग वांग्यालाच कशाला हवा दिवा?"

प्रश्न मार्मिक होता. नवरात्रातले धन ज्या पिवळ्या रंगामुळे आपण दसऱ्यास कौतुकाने टोपीत खोवतो, तो रंग उजेडाच्या अभावाचाच आहे. हरितद्रव्य सिद्ध होण्याची एक महत्त्वाची पायरी उजेडावाचून पुरी होत नाही, म्हणून कोंब पिवळा राहतो आणि उजेड शोधीत भराभर उंच होतो. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोपाळात भुजरिया निघतात, ते गव्हाचे पिवळे कोंबही याच जातीचे. दाण्यातील शिदोरीवर त्यांचे आठ-दहा दिवस निभतात, आणि पुढे त्यांना जगायचेच नसते. वांग्याचे बी अगदी बारीक. त्याची शिदोरी दोन पाने फुटेतो संपते. त्याला मात्र पुढे शेतात उभे राहावयाचे आहे.

आता दिवा कोणता? येथे आपले डोळे फसवितात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर दिवा लावलेल्या खोलीत तो दोन-तीनशेच्या घरात. तरी आपल्याला खोली उजळलेलीच वाटते. रोपाला काही हजार तरी हवेत. जुना तारेचा पिवळा बल्ब बहुतांशी उष्णताच देतो, आणि त्याच्या तांबूस प्रकाशात रोपे उंचाडी होतात. बाजारात जांभळे दिवेही मिळतात. त्यांनी रोपे वाढतात, पण पानाचा खरा रंग दिसत नाही आणि बैठकीला नाटकाच्या रंगमंचाची कळा येते. आमची पसंती साध्या पांढऱ्या एलईडी नळीला. खोक्यावर ६५०० केल्विन असा आकडा पाहून घ्यावा. त्या शुभ्र प्रकाशातील निळा अंश रोप ठेंगणे व सशक्त ठेवतो.

२० वॅटच्या चार फुटी दोन नळ्या आम्ही सुतळीने टांगल्या. दिवा रोपाच्या शेंड्यापासून वीतभरच वर असावा, आणि रोप वाढेल तसा उचलावा. छताला लावलेला दिवा व्यर्थ. रोज सोळा तास उजेड आणि आठ तास काळोख. अखंड उजेडाने वांग्याची पाने पिवळी पडतात. विश्रांती त्यासही लागतेच. दिवसाला ०.६४ युनिट, महिन्यास सुमारे १९ युनिट. हा हिशेब मांडल्यावर घरातील विरोध पुष्कळ सौम्य झाला.

सतरा बियांपैकी अकरा उगवल्या. सकाळी देवपूजा आटोपली की सौभाग्यवती स्वतःच त्यांच्या शेंड्यांवरून हळुवार हात फिरवितात. त्या स्पर्शाने खोड बळकट होते, हे शास्त्रालाही मान्य आहे. रोपे एकदम बाहेर मात्र नेऊ नयेत. आठवडाभर प्रथम सावलीत, मग कोवळ्या उन्हात, असा सराव हवा.

तीन रोपे आम्ही ठेवणार. उरलेली इंदूरच्या भगिनीकडे आणि येथील चार मराठी घरी जातील. बी एकाच अंगणात असू नये. वांग्याचा थोडाफार परागसंकर होतो, म्हणून जवळपास दुसऱ्या जातीचे वांगे लावू नये, एवढेच प्रत्येकाला सांगितले आहे.