पैसे भरून थांबलेले

पिनकोड ही एका संस्कृत कवीची करणी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते, संस्कृतात काव्यं-नाटकं लिहायचे, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झालेली सहा आकड्यांची रचना त्यांनी बसवली. पहिला आकडा विभागाचा. आपला ४; त्यात गोवाही आला आणि मध्य प्रदेशही. एकाच नावाची गावं, अनेक लिप्या, न लागणारी अक्षरं या गोंधळातून पत्र नेमक्या दारी जावं, एवढीच त्यामागची तळमळ. याच आकड्यांवरून पुढं एखादी वस्तू आपल्याला विकायची की नाही हेही ठरेल, असं त्यांच्या मनात आलं नसणार.

आमच्या हिमायतनगराला तर या आकड्यांचा मोठाच आधार. कारण हैदराबादेतही एक हिमायतनगर आहे, मोठमोठ्या दुकानांचं, आमच्याहून कितीतरी ऐटदार. मोबाईलवर नाव टाकलं की आधी तेच पुढं येतं. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा. निजामी अमलात ते हिमायतनगर झालं. निजाम गेला, नाव राहिलं. परमेश्वराच्या यात्रेला येणारी काही म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात, पण वाढोण्याला पार्सल येत नाही. तेव्हा काही मागवायचं तर ५०० पासून सुरू होणारा आकडा आपला नव्हे, ४३१ वाला आपला, हे आधी बघावं लागतं. मग आकडे टाकायचे आणि ‘या पत्त्यावर ही वस्तू पोचवता येत नाही’ अशी ओळ उमटते का, तिकडं डोळे लावायचे. काही वर्षांपूर्वी ती ओळ हटकून यायची. गेल्या हिवाळ्यात मी टॅब मागवला तेव्हा आली नाही.

टॅब साधा नव्हता. त्याचा पडदा उजेड फेकत नाही, कागदागत दिसतो आणि त्यावर पेनानं लिहिता येतं. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला याची काय गरज, हा प्रश्न घरात रीतसर उपस्थित झाला. “अहो, कपाटात कोऱ्या वह्यांचा गठ्ठा पडलाय,” ही म्हणाली. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, फक्त हौस होती. त्यातून गंमत अशी की तो टॅब अजून बाजारात आलाच नव्हता. पुढच्या महिन्यात येणार होता. आगाऊ पैसे भरणाऱ्याला पेन फुकट. म्हणजे वस्तू कुठंतरी डब्यात भरली जायची होती, पैसे माझ्या खात्यातून निघून गेले होते, आणि मी मात्र आतापासूनच टॅबवाला झालो होतो.

ते दिवस मजेत गेले. रात्री जेवण झालं की परदेशातली कुणी पोरं तोच डबा कॅमेऱ्यासमोर हळूहळू उघडायची, आणि मी पांघरुणात पडून बघायचो. टेबल आवरलं. ‘मातेरं’ म्हणून बाजूला ठेवलेली जुनी टिपणं काढली आणि त्यातलं टॅबवर आधी काय उतरवायचं ते ठरवलं. हातात नसलेल्या वस्तूनं माझ्याकडून इतकं काम करून घेतलं की ती आणखी पंधरा दिवस उशिरा आली असती तरी चाललं असतं.

आगाऊ नोंदणी हा व्यापाऱ्याच्या सोयीचा मामला, हे मलाही कळतं. किती माल काढायचा याचा अंदाज त्याला मिळतो, आणि आपले पैसे त्याच्याकडं बिनव्याजी राहतात. पण गिऱ्हाइकालाही त्यात काही मिळतं. त्याला पुढचा एक दिवस मिळतो, ज्याच्याकडं बघत राहता येतं. घरातली लग्नं उरकलेल्या, परीक्षा संपलेल्या माणसाला असा दिवस सहजी मिळत नाही.

याच दिवसांत माझा धाकटा भाऊही पैसे भरून थांबला होता. तो गावाकडं असतो, पैनगंगेच्या अंगानं. साडेतीन एकर रान, विहिरीला पाणी, पण विजेचं कनेक्शन नाही. राज्यात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली, तीत त्यानं अर्ज केला. किमतीच्या १० टक्के शेतकऱ्यानं भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्यानं ५ टक्के, बाकीचं अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. ह्याला ५ एचपी बसला. हिस्सा भरला, पुरवठादार निवडला, पाहणी झाली. आता प्लेटा आणि मोटार यायची.

दर दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, “दादा, आलं का तुझं?” मी म्हणायचो, अजून नाही, आणि तुझं? “यायलंय.” मराठवाड्यात ‘यायलंय’ म्हटलं की त्यात काल निघालेलंही बसतं आणि अजून न बनलेलंही. मग तो हरभऱ्यावर घसरायचा. हरभऱ्याला फार पाणी लागत नाही, पण एक फुलोऱ्यात आणि एक घाटे भरताना, ही दोन चुकवून चालत नाही. ती वेळ पेरलेल्या दिवसावरून ठरते. तो इंजिन भाड्यानं आणून, नव्वदच्या वरचं डिझेल ओतून एक पाळी देत होता आणि दुसरीच्या आत सौर येईल या हिशोबानं बांधावर उभा होता. दोघंही वस्तूचीच वाट बघत होतो. त्याच्या बोलण्यात मात्र कधी मजा ऐकू आली नाही.

मला हे आधी कधी असं शेजारी-शेजारी दिसलं नव्हतं, म्हणून मागचं आठवत गेलो.

आमच्या लहानपणी लांबून वस्तू मागवायची म्हणजे व्ही.पी.पी. टपाल खात्यानं ही सोय १८७७ साली सुरू केली; पोस्टमन पुडकं घेऊन येणार, तुम्ही पैसे मोजणार, मगच ते तुमचं. घरपोच आल्यावर पैसे देण्याची पद्धत २०१० मध्ये फ्लिपकार्टनं आणली तेव्हा तिची केवढी वाहवा झाली! आमच्या आज्यानं त्याच पद्धतीनं पंचांगं आणि दम्याची औषधं मागवली होती. त्या पुडक्यात खरंच काय निघेल याची धाकधूक असायची, पण पैसा तोवर कनवटीला असायचा.

आगाऊ पैसे भरून थांबायला आम्हाला शिकवलं ते चेतकनं. १९७२ मध्ये बजाजची ही स्कूटर आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबले, काही जण तर आठ-दहा वर्षं. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा, मागणी नव्हे. परकीय चलनात पैसे भरले की गाडी लवकर, म्हणून आखातातला कुणी पाहुणा सापडतो का याचा शोध घरोघरी चालायचा. नंबर लागलेली गाडी न चालवताच ‘ऑन’ घेऊन दुसऱ्याला देणारे हुशार लोक नांदेडात होते. त्यांना वाट पाहण्याचे पैसे मिळायचे, आणि मला वाटतं, त्या काळात वाट पाहण्याचा खरा भाव त्यांनाच ठाऊक होता. पुढं १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आपल्या मराठवाड्यातच. हळूहळू रांग ओसरली, आणि चेतकचा तोराही.

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी नोंदणीची पावती देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली होती. गाडी येईपर्यंत ते सायकलवर यायचे, आणि त्यांचा पाठ कधी बुडाला नाही. चेतकवाचून कुणाचं अडलं नव्हतं. हुंड्यात कबूल झालेली गाडी वेळेत न मिळाल्यानं सासरी जिला बोलणी खायला लागली, तिचं तेवढं अडलं असेल. त्या काळातल्या चेतकच्या आठवणी फार गोड करून सांगितल्या जातात. सांगणारे बहुधा पुरुष असतात.

मग २०१७. जुलैच्या २१ तारखेला मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला, १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. २४ ऑगस्टला नोंदणी उघडली. ५०० आता भरायचे, १००० फोन हातात पडल्यावर. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ६० लाखांच्या घरात नोंदी झाल्या आणि काही दिवसांतच खिडकी बंद करावी लागली. तेव्हा मी नोकरीत होतो. शाळा सुटल्यावर बसस्टँडकडच्या मोबाईलच्या दुकानावर थोडा वेळ बसायची सवय होती, म्हणून ती गर्दी जवळून पाहिली. आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन लोक यायचे. त्यात आमच्या वर्गातली पोरं होती, घरी एक फोन असताना दुसरा हवा असलेली. दिवसातून दोनदा यायची, ‘आला का’ विचारायची, नाही म्हटल्यावर हसत पळायची. त्यांची ती रोजची सहलच होती.

आणि तांड्यावरची एक म्हातारी यायची. लेक-सून दसऱ्यानंतर कामाला परमुलखात निघणार, नातवंडं हिच्याजवळ राहणार. त्यांच्याशी फुकट बोलता येईल म्हणून लेकानं दोन फोन नोंदवले होते, एक बरोबर न्यायला आणि एक हिच्यासाठी. त्या वर्षी दसरा ३० सप्टेंबरला होता. फोन नवरात्राच्या सुमारास वाटायला सुरुवात झाली, पण कुठं आधी, कुठं नंतर. म्हातारी ‘आला का’ असं विचारायचीच नाही. काउंटरवर हात ठेवून उभी राहायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडं बघायची. दुकानदारही मग पोरांशी बोलताना वापरायचा तो सूर तिच्याशी लावायचा नाही. तिचे फोन लेक निघायच्या आधी आले की नंतर, ते मी विचारलं नाही. माझी बदली त्याच सुमारास दुसऱ्या शाखेत झाली.

पोरांना त्या फोनवाचून करमत होतं, म्हणून त्यांना वाट बघणं परवडत होतं. माझंही टॅबच्या बाबतीत तेच झालं होतं. वस्तूविना आपलं सगळं नीट चाललेलं असेल तरच तिच्या येण्याकडं लाडानं बघता येतं. आयफोनसाठी मुंबईत वांद्र्याला रात्रीपासून उभे राहणारे दर सप्टेंबरात बातम्यांत दिसतात, टाळ्या वाजवतात, कॅमेऱ्याला हात करतात. त्यांच्या खिशात आधीचा फोन असतो, त्यावरच ते रांगेचं शूटिंग करत असतात. मला ते हास्यास्पद वाटायचे. आता तसं म्हणायला तोंड नाही, माझ्याही कपाटात वह्या होत्या.

शेतीच्या वीजजोडणीसाठी पैसे भरूनही जोडणी न मिळालेल्यांना आपल्याकडं ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. कारकून म्हणतो, पुढारी भाषणात म्हणतात, आणि खुद्द शेतकरीही स्वतःला म्हणून घेतो, “मी पेड पेंडिंगमधी हाय.” राज्यात असे लाखोंनी होते, म्हणून तर सौरपंपाच्या योजना पुढं आल्या. या थांबलेल्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही. डबा उघडण्याचा सोहळा नसतो, कारण डबा येईपर्यंत एखादा हंगाम गेलेला असतो, आणि मग आनंदातही चिडचिड मिसळते.

माझ्या टॅबचा मात्र प्रवास मला मोबाईलवर दिसत होता. भिवंडी, मग नांदेड, मग भोकर. एक दिवस तो भोकरातच बसून राहिला आणि मी उगाच अस्वस्थ झालो. मुंबईत दुपारी नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी हिमायतनगरला उतरतो. पार्सलाला एवढी घाई नसते. शेवटी फोन वाजला. “काका, परमेश्वर मंदिरापासून कुणीकडं यायचं?” पिनकोड इथवर आणून सोडतो, पुढचं मंदिर सांगतं. मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पोरगा वीस-बावीसचा, पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी. सही, ओटीपी, गेला.

मिळाल्यावर हौस फिटते असं म्हणतात. माझी फिटली नाही, टॅब झकास आहे. पेनाची टोकं झिजतात, ती परत मागवावी लागतात, एवढंच.

भावाची दुसरी पाळीही डिझेलवरच गेली. घाटे भरून झाले आणि त्यानंतरच्या आठवड्यात टेम्पोतून प्लेटा, लोखंडी खांब आणि मोटार येऊन पडली. बसवायला आलेल्या पोरांना त्यानं जेवू घातलं. पहिल्या दिवशी पाणी हळदीला सोडलं. मी गेलो होतो बघायला. ऊन चढलं तसा पाण्याचा जोर वाढत गेला आणि ढग आला की पाइप मंदावायचा. तो प्लेटांवरची धूळ पंच्यानं पुसत होता. मी त्याला टॅब दाखवला. त्यानं दोन्ही हातांनी धरला, उलटापालटा केला, पेनानं आपलं नाव लिहून पाहिलं.

“ह्याच्यावर ठिबकचा अर्ज भरता येतोय का?”

येत नव्हतं. मग दुपारी आम्ही दोघं त्याच्या गाडीवरून सेवा केंद्रावर गेलो. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. आमच्या पुढं सहा-सात जण होते आणि सर्व्हर डाऊन होता.