बंदुकीवरची अक्षरे





आपल्या घरांतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कुणाचे तरी नाव, गाव आणि तारीख कोरलेली असते. त्या दोन ओळींवरून भांडे कुणी कुणाला दिले हे पन्नास वर्षांनीही कळते. यंदा दसऱ्याच्या सुमारास असेच, पण भांड्यावरचे नव्हे तर बंदुकीवरचे, लेखन वाचण्याचा योग आम्हांस आला.

नववीतल्या एका विद्यार्थ्याने काही जुनी छायाचित्रे आणली. त्यांच्या घरी पूर्वी एक जर्मन रायफल होती. ती रीतसर सरकारजमा झाली, छायाचित्रे तेवढी राहिली. खंडेनवमीला घरात अजून त्या छायाचित्रांनाच हळदकुंकू वाहतात. खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले व ती बंदूक त्यांनी मिळवली, असे घरात सांगत. पुरावा म्हणून बंदुकीच्या डाव्या अंगावरचे 'मॉड. ९८' हे शब्द दाखवत. ९८ म्हणजे १८९८ साल!

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, जर्मन तर मुळीच येत नाही. पण ठसे वाचायला भाषेपेक्षा चिकाटी लागते. आम्ही व तो विद्यार्थी भिंग घेऊन बसलो.

९८ हे बंदूक बनल्याचे साल नव्हे, नमुन्याचा क्रमांक आहे. माउझर कंपनीचा हा नमुना जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारला आणि त्याची आखूड आवृत्ती १९३५ मध्ये. पहिल्या महायुद्धातील जर्मन रायफलीवर नळीच्या मुळाशी कारखान्याचे पूर्ण नाव व पूर्ण साल असे, आणि तपासनिसाच्या ठशात राजमुकुट असे. येथे मुकुट नव्हता. होती फक्त 'बीवायएफ' ही तीन अक्षरे आणि खाली ४४.

पहिल्या युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधने आली. त्यामुळे पुढे कारखान्यांची नावे लपवून सांकेतिक खुणा घालू लागले. 'बीवायएफ' ही ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्याची खूण. ४४ म्हणजे १९४४. म्हणजे ही रायफल पहिल्या महायुद्धात जन्मलीच नव्हती!

आणखी एक ठसा होता. गरुड आणि त्याच्या पायाशी स्वस्तिकासारखी आकृती. आजी त्यालाच शुभ मानून कुंकू लावीत. ते नाझी राजवटीचे चिन्ह होते, आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिक नव्हे. हे सांगताना आमचा आवाज जड झाला.

मुलगा हिरमुसला. "सर, मग आमची गोष्ट खोटी?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "बाळ, गोष्ट अजून पुरती सापडलेली नाही. १९४४ नंतर तुझ्या घरातले कोण सैन्यात होते, ते आजींना विचार."

चार दिवसांनी तो आजींनाच घेऊन आला. आजी म्हणाल्या, "आमचे मामंजी होते फौजेत. पण इटलीचं नाव निघालं की ते उठून जायचे. आम्ही कधी विचारलं नाही." ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक सहा टोकांचा तारा त्यांनी सोबत आणला होता. तो होता 'इटली स्टार', दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर असलेल्यांना मिळालेले पदक. मागे मामंजींचे, म्हणजे मुलाच्या पणजोबांचे, नाव कोरलेले.

त्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्री जर्मनांशी लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले व धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बंदूक पणजोबांच्या हाती कशी आली, हे ठसे सांगत नाहीत. ते कुठे व केव्हा बनली एवढेच सांगतात. पण त्यांच्यामुळे ऐंशी वर्षे गप्प राहिलेला एक माणूस घरात पुन्हा आला. आजींनी तारा हातात घेऊन नुसते म्हटले, "मामंजींना एकदा विचारायला हवं होतं हो."

पालकांस विनंती, घरात जुने शस्त्र असल्यास मुलांस हात लावू देऊ नये व परवान्याबाबत पोलीस ठाण्यात चौकशी करावी. आणि विद्यार्थ्यांनो, या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. ऐकलेले लिहा, मग वस्तूवरच्या खुणांशी ताडून पाहा. दोन्ही जुळले नाही तर घाबरू नका, आणखी एक प्रश्न विचारा. उत्तर देणारी माणसे आहेत तोवरच विचारा.